भाकर फुगली काय वं?

खरं सांगा, तुमच्या घरी रात्री साडेआठला काय चालतं? आमच्याकडे युद्ध चालतं. एका बाजूला आम्ही दोघं, हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून जेमतेम सुटून आलेले. दुसऱ्या बाजूला आमचं नऊ वर्षांचं कन्यारत्न. आणि मधोमध ताट. ताटात पोळी, मेथीची भाजी, वरण-भात, काकडी. कन्यारत्न मेथीचं एकेक पान चिमटीत धरून ताटाच्या कडेला इतकं व्यवस्थित रचून ठेवतं, की एखाद्या फॉरेन्सिक लॅबने तिला नोकरीच द्यावी!

'हेल्दी खाणं' या विषयावर आपल्या पिढीइतकं वाचन कुणी केलं नसेल. आम्हीही सगळे फंडे करून पाहिले. पालक पराठ्यात लपवला. बीट डोशात लपवलं. दुधीचा हलवा करून त्याला 'ग्रीन डेझर्ट' असं भारदस्त नाव दिलं. पण हल्लीची पोरं जाम हुशार. 'आई, हा डोसा गुलाबी का आहे?' असा सवाल आला की आपली बोलती बंद.

हा काही फक्त आमच्या घरचा प्रॉब्लेम नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे २०१९-२१चे आकडे बघा. महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या दर शंभर मुलांपैकी ३६ मुलांचं वजन वयाच्या मानाने कमी. आणि त्याच पाहणीत जास्त वजनाच्या मुलांचं प्रमाण आधीच्या फेरीतल्या १.९ टक्क्यांवरून ४.१ टक्क्यांवर गेलेलं. म्हणजे एकाच राज्यात एका मुलाला पुरेसं मिळत नाही आणि दुसऱ्याला नको तेच जास्त मिळतं.

मग एका मैत्रिणीने सल्ला दिला, 'अगं, मुलांनी स्वतः केलं ना, की ती खातात.' पटलं. लगेच एका वीकएण्डला मुलांच्या कुकिंग वर्कशॉपला तिचं नाव घातलं. एप्रन, उंच पांढरी टोपी, सर्टिफिकेट, फोटो, सगळं साग्रसंगीत. दोन तासांनी लेक क्रीमच्या बिस्किटांचा चुरा करून त्यावर चॉकलेट सॉस कसा ओतायचा, हे शिकून बाहेर आली. ते प्रकरण लागलं मात्र झक्क!

पण मैत्रिणीचं वाक्य डोक्यात राहिलं. मुलांनी स्वतः केलं की ती खातात. त्याचा खरा अर्थ मला उमगला तो मे महिन्यात, माहेरी. आणि उमगला तो माझ्या आईमुळे, जी नातीला चुलीच्या आसपासही फिरकू देत नव्हती.

घाटाखालचा मे महिना

माझं माहेर बुलढाणा जिल्ह्यातलं, खामगाव तालुक्यातलं एक गाव. आमच्या जिल्ह्याचे दोन भाग पडतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. बुलढाणा, चिखली, मेहकर हे घाटावरचे. खामगाव, शेगाव, मलकापूर, जळगाव जामोद हे घाटाखालचे. मे महिन्यात घाटाखालचं ऊन म्हणजे विचारू नका. तरीही दर सुट्टीत पुण्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडून आम्ही जातोच. शेगावला उतरलं की आधी कचोरी. (हो, ती हेल्दी नाही. पण शेगावला उतरून कचोरी न खाणं आमच्याकडे पाप समजतात, तेव्हा त्यावर चर्चा नको.)

मे महिना म्हणजे वाळवण. गच्चीवर जुनी धुतलेली लुगडी अंथरलेली, त्यावर कुरडया, उडदाचे पापड, शेवया, सांडगे. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून त्याचा चीक काढायचा आणि तो मोठ्या पातेल्यात शिजवायचा. साच्यात जाण्याआधी तो गरम गरम चीक वाटीत घेऊन मीठ-तेल घालून खायचा, हा पोरांचा हक्क. पापड लाटताना तेलात बुडवलेल्या लाट्या पळवायच्या, हाही पोरांचाच हक्क. आणि त्याच्या बदल्यात दुपारभर हातात काठी घेऊन कावळे-चिमण्या हाकलायच्या, ही ड्युटी. आपण शहरात याला 'किड्स अ‍ॅक्टिव्हिटी' म्हणू आणि फी लावू. तिकडे याला मे महिना म्हणतात.

कन्यारत्न पहिल्याच दिवशी गच्चीवर रमलं. चीक खाल्ला, लाट्या खाल्ल्या, कावळे हाकलले. संध्याकाळी माझी आई परसात चुलीवर भाकरी थापायला बसली, तर ही तिच्या शेजारी जाऊन बसली आणि परातीत हात घातला.

"ऊठ वं माय," आई म्हणाली. "तुले काहून पाह्यजे हे? जाय, आपलं पुस्तक वाच."

मी मध्ये पडले. म्हटलं, "अगं आई, शिकू दे की. मुलं स्वतः करतात ना, तेव्हा खातातही."

आईने माझ्याकडे पाहिलं. तव्यावरची भाकरी उलटली. आणि अगदी शांतपणे म्हणाली, "पोरीले काहून बसवतं चुलीपाशी? तुले बसवलं होतं काय म्या?"

आईची बाजू

नाही बसवलं. हे खरं आहे. आणि त्यामागची गोष्ट मला लहानपणापासून माहीत आहे.

माझी आई नऊ वर्षांची असताना तिच्या हातात परात आली. बरोबर माझ्या लेकीच्या वयाची. तिची आई पहाटेच शेतात जायची, घरात पाठची चार भावंडं. रोज सकाळी नऊ माणसांच्या भाकरी. शाळा अगदी जवळ होती, घंटा घरापर्यंत ऐकू यायची. पण घंटा व्हायची तेव्हा परातीत निम्मं पीठ शिल्लक असायचं. चौथीत कधीतरी तिने शाळेत जाणं सोडलं. कुणी 'सोड' असं म्हटलं नाही. भाकरी संपत नव्हत्या, एवढंच. तिच्या उजव्या मनगटाजवळ तव्याच्या चटक्याचा डाग आजही आहे.

म्हणून मला तिने स्वयंपाकघरापासून लांब ठेवलं, आणि ते ठरवून ठेवलं. घरी दहा पाहुणे आले तरी मी अभ्यासावरून उठायचं नाही, हा तिचा नियम. नातेवाईक बायका नाकं मुरडायच्या, सासरी कसं होईल म्हणायच्या. आई त्यांना ताठ मानेने सांगायची, "माह्या पोरीले भाकर येत नाही." लोक लेकीचं मेडल दाखवतात ना, तशी ती हे वाक्य दाखवायची. पुढे मी अमरावतीला इंजिनीअरिंगला गेले, होस्टेलवर इतर मुलींकडून वरण-भात शिकले, पुण्यात नोकरीला लागले. माझ्या पहिल्या पे स्लिपमागे आईचं ते 'ऊठ' होतं.

आता तिच्या जागेवर बसून बघा. जिच्यासाठी लेकीला चुलीपासून उठवणं हीच आयुष्यभराची कमाई, तिला पुण्याहून आलेली लेक सांगतेय, की नातीला चुलीपाशी बसू दे, ते हेल्दी असतं!

आणि तिची भीती जुन्या काळातली आहे असंही म्हणता येत नाही. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळवापर पाहणीत सहा वर्षांवरच्या माणसांना विचारलं गेलं, की दिवसाचे तास कुठे जातात. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात रोजची २८९ मिनिटं जातात. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची जातात ८८ मिनिटं. जवळजवळ पाच तास आणि जेमतेम दीड तास. मुलींना हे गणित लहानपणीच चुलीपाशी शिकवलं जातं, यावर माझ्या आईचा पक्का विश्वास आहे. मला तिच्याशी वाद घालता येईना.

भाच्याचा ठेचा

कोंडी फोडली ती माझ्या भाच्याने. तो गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला आहे. आमच्याकडच्या शाळांमध्ये बाल आनंद मेळावा नावाचा एक भन्नाट प्रकार असतो. पोरं घरून पदार्थ करून आणतात, शाळेच्या आवारात दुकानं मांडतात आणि गाव येऊन विकत घेऊन खातं. भांडवल किती, विक्री किती, नफा किती, हा हिशोब पोरांनीच मांडायचा. एमबीएवाले ज्याला केस स्टडी म्हणतात, ते हे लोक पाचवीत करतात.

भाच्याने यंदा मोड आलेल्या मटकीची उसळ विकली होती. मटकी किती तास भिजवायची, फडक्यात किती घट्ट बांधायची, उन्हाळ्यात मोड लवकर का येतात आणि वास कधी यायला लागतो, याच्यावर तो अर्धा तास बोलू शकतो. एकशेऐंशी रुपये खर्च, तीनशेदहा रुपये गल्ला. 'एकशेतीस सुटले, आत्या!' हे मला आतापर्यंत त्याने किमान चार वेळा सांगितलंय.

शाळेत दुपारचं जेवण मिळतं, तेही त्याला तोंडपाठ. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली शाळांमध्ये शिजवलेलं जेवण द्यायला सांगितलं, तेव्हापासून ही योजना बदलत बदलत आजच्या पीएम पोषणपर्यंत आली. पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, आणि त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं माप आहे. पण भाच्याला त्या कॅलरींशी देणंघेणं नाही. त्याच्या शाळेत परसबाग आहे, आणि तिथल्या पालकाच्या वाफ्याला पाणी घालायची पाळी त्याच्या वर्गाची असते. 'आज खिचडीत आमचा पालक होता,' असं तो सांगतो. या वाक्यातला 'आमचा' हा शब्द मी मनात टिपून ठेवला.

तर त्या रात्री भाच्याने शेंगदाणे-मिरचीचा ठेचा केला. मिरच्या तव्यावर भाजल्या, पाट्यावर वाटल्या, डोळ्यांतून पाणी काढलं. आई कौतुकाने म्हणाली, "माह्या नातू लय हुशार!"

आणि कन्यारत्न ताटावरून म्हणालं, "आजी, दादाने केलं तर तो हुशार, आणि मी केलं की ऊठ?"

सगळे गप्प. माझा भाऊ मोबाइलमध्ये काहीतरी अर्जंट शोधायला लागला. वहिनी मान खाली घालून हसत होती. आई काहीच बोलली नाही. जेवली, ताट उचललं, झोपायला गेली.

सकाळी उठल्या उठल्या तिने नातीला हाक मारली. "चाल वं. पण माह्या अटी हायेत."

अटी तीन.

"एक. दोघं बसतीन. एकटी पोरगी नाही बसाची."

"दोन. पोरगी ज्या दिवशी नको म्हणीन, त्या दिवशी कोणी तिले 'चाल' म्हणाचं नाही. शाळा पह्यले."

"तीन. पोराइनं जे केलं, ते साऱ्याइनं खाचं. नाव ठेवाचं नाही."

मॅनेजमेंटच्या इतक्या ट्रेनिंगला बसलेय मी, पण इतकी नेमकी पॉलिसी कुणी लिहिलेली पाहिली नाही.

लोणारचं सरोवर

मग सुरू झाली भाकरीची शिकवणी. विद्यार्थी तीन. लेक, भाचा आणि वयाच्या अडतिसाव्या वर्षी मी!

भाकरी अवघड का असते, माहितेय? गव्हात ग्लूटेन असतं, त्यामुळे कणीक ताणली जाते, लाटली जाते. ज्वारीत ते नसतं. म्हणून पीठ गरम पाण्यात भिजवायचं, तळहाताच्या टाचेने रगडून रगडून मळायचं आणि लाटण्याऐवजी हातानेच थापायचं. पीठ ताजं लागतं. जुनं झालं की त्याचा चिकटपणा जातो आणि भाकरीच्या कडेला चिरा पडतात. तव्यावर टाकली की वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकायच्या आत उलटायची आणि शेवटी विस्तवावर धरायची. आतली वाफ कोंडली की भाकरी फुगते. कुठे एक बारीक भोक राहिलं, तरी वाफ निसटते आणि भाकरी बसते. आईच्या भाषेत हे सगळं एका दमात, "पीठ ताजं, पाणी गरम, डोकं थंड."

लेकीच्या पहिल्या भाकरीला मधोमध हे एवढं भोक पडलं. कडा जाड, मध्ये खड्डा. भाचा ओरडला, "हे तं लोणारचं सरोवर झालं!" उल्का पडून तयार झालेलं आमच्या जिल्ह्यातलं ते खड्ड्यातलं गोल तळं ज्यांनी पाहिलंय, त्यांना उपमा लगेच कळेल. त्या दिवसापासून आमच्या घरात बिघडलेल्या भाकरीला 'लोणार' म्हणतात.

पण ती लोणार भाकरी फेकली नाही. आमच्या भागात ते होणंही नाही. १८७८ साली शेगावात गजानन महाराज पहिल्यांदा दिसले, ते उकिरड्यावरच्या पत्रावळीतली शितं वेचून खाताना, ही कथा ऐकतच इथली पोरं मोठी होतात. ताटात टाकलं की आजही कुणीतरी ती कथा काढतंच. अट क्रमांक तीनप्रमाणे ती भाकरी माझ्या भावाच्या ताटात गेली. त्याने ती निमूटपणे, नाव न ठेवता खाल्ली. माझं लक्ष होतं. लेकीचंही होतं. तिने त्याच्या प्रत्येक घासाकडे श्वास रोखून पाहिलं.

पाचवी भाकरी फुगली. पूर्ण नाही, एका अंगाने. पण फुगली!

त्या दुपारी डाळभाजी होती. आपल्याकडची विदर्भातली, पालक, आंबटचुका, तूरडाळ आणि शेंगदाणे घातलेली. चुका लेकीने आणि भाच्याने निवडला होता, देठं कुठवर मोडायची यावर भांडत. मेथीचं एकेक पान वेगळं काढणाऱ्या आमच्या कन्यारत्नाने त्या दिवशी दीड भाकरी आणि दोन वाट्या डाळभाजी खाल्ली. कुणी 'खा' म्हटलं नाही. मी हिशोब केला. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम प्रथिनं आणि जवळपास तेवढाच तंतू असतो. हे आकडे सांगून मी तिला वर्षभरात एक भाकरी खायला लावू शकले नव्हते.

दुपारी ऊन चढलं की आईचा दुसरा खेळ सुरू व्हायचा. जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ नावाचं गाव आहे. तिथे अक्षय तृतीयेला शेतात घट मांडतात. गोलाकार अठरा धान्यं ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी कुठलं धान्य किती हललं, यावरून पीकपाण्याचा अंदाज सांगतात. त्या अंदाजावर किती विश्वास ठेवायचा, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण आमच्या घरी त्याचा खेळ झालाय. डब्यांमधून मूठमूठ धान्य काढायचं, परातीत ढीग मांडायचे आणि डोळे झाकून हाताला ओळखायचं. ज्वारी, बाजरी, तूर, मूग, उडीद, मसूर, हरभरा, जवस, तीळ, करडी, अंबाडी... पुण्याच्या पोरीने पहिल्या दिवशी चार ओळखली. निघायच्या आदल्या दिवशी चौदा.

आता थोडा डेटा

ऑफिसवाल्या माणसांना डेटा लागतो, म्हणून सांगते. २०१४ साली स्वित्झर्लंडमधला एक छोटासा प्रयोग प्रसिद्ध झाला. सहा ते दहा वर्षांची ४७ मुलं. काही मुलांनी आई किंवा वडिलांबरोबर जेवण स्वतः केलं, बाकीच्यांना पालकांनी करून दिलं. ज्यांनी स्वतः केलं, त्यांनी ७६ टक्के जास्त सॅलड खाल्लं. म्हणजे मैत्रीण बरोबर होती. पण त्यातच एक मेख आहे. त्या मुलांच्या पोटात एकूण कॅलरीही जास्त गेल्या, जवळजवळ एक चतुर्थांश. स्वतः केलेलं मुलं जास्त खातात, मग ते सॅलड असो की चॉकलेट बिस्किटांचा चुरा. त्यामुळे परातीत काय आहे, हे बघायचं काम आपलंच.

जपानने तर २००५ साली अन्नशिक्षणाचा कायदाच केला. तिथे शाळेत मुलं पांढरे डगले घालून एकमेकांना जेवण वाढतात. पण इतकं लांब कशाला जायचं? आपल्याच विदर्भात, वर्ध्याला, १९३७ साली गांधीजींनी नई तालीमची कल्पना मांडली. सेवाग्रामच्या शाळेत कताई, शेती, सफाई आणि स्वयंपाकघर हे सगळं शिक्षणाचाच भाग होतं, आणि ते मुलगे-मुली दोघंही करायचे. माझ्या आईने ना नई तालीमचं नाव ऐकलंय, ना स्वित्झर्लंडचं. तिची पहिली अट मात्र तीच होती.

वर्कशॉपमधल्या त्या उंच टोपीत आणि आईच्या परातीत फरक काय, यावर मी बराच विचार केला. वर्कशॉपमध्ये मुलीने केलेलं कुणाच्या जेवणाचा भाग नव्हतं. ते नसतं झालं तरी कुणी उपाशी राहणार नव्हतं. परसात तिची भाकरी मामाच्या ताटात जात होती. आणि आईच्या लहानपणी उलटी तऱ्हा. तिच्या भाकरीवर नऊ माणसं अवलंबून, पण तिला 'नको' म्हणायची सोय नाही. मुलाच्या हातचं घराला लागलं पाहिजे, आणि तरी त्याला उठून जाता आलं पाहिजे. या दोन गोष्टी एकत्र जमवणं हीच सगळी कसरत आहे.

पुण्यात परत

गावाकडे सगळं सोपं असतं, असं तुम्ही म्हणाल. परस आहे, आजी आहे, सुट्टी आहे. पुण्यात आमच्याकडे स्वयंपाकाला मावशी येतात. परत आल्यावर त्यांना मी मोठ्या उत्साहाने सांगितलं, की आता आमची मुलगी भाकरी शिकतेय. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "माझी पण करते ना ताई. मी इथं असते तेव्हा घरी तीच बघते, धाकट्या दोघांचं." त्यांची मुलगी दहा वर्षांची आहे.

माझ्या आईची गोष्ट साठेक वर्षांपूर्वीची, असं मी धरून चालले होते. ती तर रोज सकाळी सात वाजता आमच्या दाराची बेल वाजवत होती.

त्यावर आम्ही फार मोठं काही केलं, असं नाही. रविवारी मावशींना पूर्ण सुट्टी, पगार तोच. रविवारचा स्वयंपाक आमचा तिघांचा. एका रविवारने कुणाच्या मुलीचा आठवडा बदलत नाही, हे मलाही कळतं. पण त्या दिवशी तिची आई घरी असते.

आमच्या रविवारचे नियम आईच्या तीन अटींवरूनच बेतलेत. पहिली अट इथे 'बाबा पण' अशी झाली. नवरोबांनी आधी 'मी भांडी लावतो ना' असा डाव टाकून पाहिला. चालला नाही. शनिवारी तिघं मंडईत जातो. एक भाजी लेक निवडते. अट एकच, आपण महिन्याभरात न खाल्लेली हवी. आतापर्यंत दोडका पास झाला, तांदुळजा पास झाला, कारलं सपशेल नापास. पण नापास भाजीलाही महिन्याने पुन्हा चान्स मिळतो. नवीन चव मुलांच्या जिभेवर बसायला आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा ताटात यावी लागते. आपण दोनदा वाढून हात टेकतो.

तुमच्या घरी चिल्लीपिल्ली असतील, तर कुठून सुरू करायचं? आमच्या अनुभवातून सांगते. तीन-चार वर्षांच्या पोराला मटार सोलायला द्या, कोथिंबीर निवडायला द्या, पीठ चाळायला द्या. सांडणार, हे गृहीत धरून खाली पेपर अंथरा. सहा-सात वर्षांचं मूल कोशिंबीर कालवू शकतं, लिंबू पिळू शकतं, मटकी भिजवून मोड आणू शकतं. मोड येणं म्हणजे तर तीन दिवसांची जादूच. नऊ-दहाला, मोठं माणूस शेजारी उभं असताना, पोहे, भाकरी, ऑम्लेट. कुकर आणि उकळतं तेल अजून लांब. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मुलाने केलेल्या कोशिंबिरीत गुपचूप मीठ घालू नका. कमी असेल तर तसंच खा. पुढच्या वेळी तेच विचारेल, 'मीठ बरोबर आहे का?'

चमत्कार झालाय का? छे! नूडल्सचं पाकीट अजूनही आमच्या घरात असतं. मावशींच्या हातची मेथी अजूनही ताटाच्या कडेला जाते, पानं तितकीच शिस्तीत रचलेली असतात. परवाच्या रविवारी तर लेकीने जाहीर केलं, 'आज मूड नाही, मी पुस्तक वाचणार.' मी तोंड उघडणार, तेवढ्यात अट क्रमांक दोन आठवली. ती सोफ्यावर लोळत वाचत बसली आणि आम्ही दोघं ओट्याशी उभे राहिलो. तासाभराने आपणहून आली आणि काकडी किसायला लागली.

रविवारी अकराच्या सुमाराला खामगावहून फोन येतो. माझ्याशी बोलायला नसतोच तो. स्पीकर ऑन करून फोन ओट्यावर ठेवायचा, कारण लेकीचे हात पिठात असतात.

"भाकर फुगली काय वं?"

"दोन फुगल्या, आजी!"

"आन् जवाईबापूची?"

लेक बाबाकडे बघते. बाबा तव्याकडे बघतो.

"लोणार झाली!"

पलीकडून बराच वेळ फक्त हसू ऐकू येतं. मग आईचा आवाज, "खाय म्हणा साऱ्याइले. नाव नोका ठेवू."